पंचवीस हजार कशाचे

योगिनीचं पॅन कार्ड तिच्या पर्समध्येच असायचं. पण त्याचा फोटो गेल्या दोन वर्षांत कुठं कुठं गेला होता, हे तिला माहीत नव्हतं. हर्षल म्हणायचा, "योगी, पॅनचा फोटो टाक गं," आणि ती भाजी चिरता चिरता हात पुसून तो पाठवायची. "इथं सही कर," म्हणायचा, की सही करायची. नवऱ्यानं पुढं केलेला कागद वाचत बसणाऱ्यांतली ती नव्हती.

त्यामुळं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मोबाइलवर आयकर खात्याचा मेसेज आला, तेव्हा तिला तो फसवणुकीचाच वाटला. तुमच्या पॅनवर मोठे व्यवहार दिसत आहेत आणि विवरणपत्र भरलेलं नाही, असं काहीतरी होतं. दोन दिवसांनी तेच ईमेलवर आलं. तिनं कोपऱ्यावरच्या ऑनलाइन सेवा केंद्रात जाऊन ते दाखवलं. तिथल्या माणसानं मेसेजच्या आधी तिच्याकडं पाहिलं.

"तुम्ही त्या कापडणीस ना? आमच्या घरात सगळे बघतात तुम्हाला. दादा नाही आले?"

"कामात आहेत," योगिनी म्हणाली.

"मेसेज खरा आहे मॅडम. एखाद्या सीएकडं जा. सप्टेंबरच्या पंधरापर्यंत मुदत आहे."

कापडणीसांना नाशकात बरेच जण ओळखायचे. हर्षल आधी अंबडला एका कारखान्यात मशीनवर होता. लॉकडाऊनमध्ये ते काम गेलं आणि घरात बसल्या बसल्या त्यानं बायकोशी झालेल्या एका भांडणाचा व्हिडिओ केला. भांडण दूध उतू गेल्याचं होतं. व्हिडिओ चालला. मग दुसरा केला, तिसरा केला. 'कापडणीसांचं काय चाललंय?' या चॅनलला आता साडेचार लाख लोक होते. विसराळू नवरा, तोंडाळ बायको, दोघांचं लुटुपुटीचं भांडण आणि शेवटी चहा. व्हिडिओत योगिनी नवऱ्याला 'अहो' म्हणायची. एरवी ती त्याला नावानं हाक मारायची, अरे-तुरे करायची. पण लोकांना 'अहो' आवडतं, हे आकड्यांवरून दिसलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत तिच्या वाढदिवसाला हर्षलनं तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि तिला खाली पार्किंगमध्ये नेलं. ओढणी सोडली तर समोर नवी लाल गाडी, तिच्यावर भलंमोठं रिबनचं फूल, आणि तीन बाजूंनी तीन मोबाइल चालू. आदल्याच आठवड्यात तिनं वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चाळीस हजार मागितले होते. हर्षल म्हणाला होता, "जरा थांब, हा महिना टाइट आहे." ती गाडीकडं बघत उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. तो व्हिडिओ बावीस लाख लोकांनी पाहिला. खाली कितीतरी जणांनी लिहिलं, 'वहिनींचे आनंदाश्रू!'

तीन आठवड्यांनी ती दोन बॅगा घेऊन इंदिरानगरला एका खोलीत राहायला गेली.

भांडण असं झालंच नाही. ती म्हणाली, मला थोडे दिवस एकटं राहायचंय. तो म्हणाला, बरं. मग दोघंही चॅनलचं काय, यावरच तासभर बोलले. दिवाळीपर्यंतचे करार झालेले होते. शेवटी असं ठरलं, की दर दुसऱ्या रविवारी तिनं पाथर्डी फाट्याच्या जुन्या फ्लॅटवर यायचं, एका दिवसात आठ-दहा व्हिडिओ करून घ्यायचे, आणि दर महिन्याला तिच्या मोबाइलवर पंचवीस हजार यायचे. पहिल्या दोन महिन्यांच्या पैशातून तिनं वडिलांचा डोळा करून घेतला.

तिला वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत काहीतरी स्पष्ट होईल. झालं नाही. खोलीत एक पलंग होता, एक गॅस, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा. घरमालकीण मंगलाबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. त्यांना ऐकू कमी यायचं आणि त्या मोबाइल वापरत नसत, म्हणून योगिनीनं ती खोली घेतली होती. बाहेर पडताना ती मास्क लावायची. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे तिच्याशी बोलायचे, पण ते सगळं दोघांबद्दल असायचं. दादा खरंच इतके विसरतात का? गाडी कशी चालते? ती उत्तरं द्यायची आणि घरी येऊन कुलूप उघडायची. कॉमेंटना उत्तरं देणं हे तिच्याकडचं काम होतं. 'तुमच्यासारखा संसार आम्हालाही मिळो,' असं कुणी लिहिलं की ती खाली लाल बदाम टाकायची. एका बैठकीत दोनशे-अडीचशे बदाम व्हायचे. कधी कधी दिवसभरात तिच्या तोंडून एक शब्दही निघायचा नाही, आणि रविवारी कॅमेऱ्यासमोर पहिलं वाक्य म्हणताना आवाज घोगरा यायचा.

रविवारी ती त्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायची, कारण व्हिडिओत पोळ्या लाटायच्या असायच्या. झाल्यावर हर्षल म्हणायचा, "चार घेऊन जा," आणि ती डब्यात घेऊन जायची.

*

शरणपूर रोडवरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर इन्शा अन्सारी नावाच्या सीएचं ऑफिस होतं. कुंभमेळ्याच्या कामासाठी खालचा रस्ता खणून ठेवलेला, त्यामुळं रिक्षा लांब सोडून चालत जावं लागलं. इन्शा तिशीची होती. वडिलांचे मालेगावात यंत्रमाग होते, हे तिच्या टेबलामागच्या फोटोवरून कळत होतं: मागांच्या रांगेत उभं असलेलं सबंध कुटुंब. तिनं योगिनीकडं पाहिलं आणि ओळखलं नाही. मास्क काढल्यावरही ओळखलं नाही.

"मी व्हिडिओ वगैरे बघत नाही," ती नंतर म्हणाली. "डोळे आधीच दिवसभर स्क्रीनला असतात."

योगिनीला एकदम हलकं वाटलं.

इन्शानं तिचा पॅन नंबर टाकून आयकराच्या पोर्टलवरची माहिती उघडली आणि स्क्रीन तिच्याकडं वळवली. "हे बघा. तीन जाहिरातींचे करार. मसाला, गाद्या आणि साड्या. मिळून नऊ लाख चाळीस हजार. कंपन्यांनी दहा टक्के कर आधीच कापून सरकारकडं भरलाय, चौऱ्याण्णव हजार. म्हणजे तुमच्या हातात आठ लाख सेहेचाळीस हजार आले असतील."

"माझ्या हातात काहीच आलं नाही."

"खात्यात तरी?"

"माझं एकच खातं आहे. त्यात हे नाहीत."

"मग आधी ते शोधा. पैसे कुठल्याही खात्यात गेले असले, तरी करार तुमच्या नावावर आहेत. उत्पन्न तुमचं, कर तुमचा." इन्शानं कीबोर्ड पुढं ओढला. "यंदापासून तुमच्या कामाला फॉर्ममध्ये वेगळा कोड आलाय. पूर्वी 'इतर' मध्ये टाकायचो. आता सोशल मीडिया म्हणूनच दाखवता येईल. बरं, पत्ता सांगा."

योगिनीनं हातातला मास्क टेबलावर ठेवला.

"आधारवरचा चालेल. पण तुम्ही राहता कुठं, तेही मला लागेल. काही पत्र आलं तर तुमच्या हातात पडायला हवं."

"दोन पत्ते आहेत."

"एक माहेरचा का?"

"नाही. फ्लॅटवर मिस्टर राहतात. मी दुसरीकडं, भाड्यानं." तिनं श्वास घेतला. "आम्ही वेगळे राहतो. मार्चपासून."

पाच महिन्यांत हे वाक्य तिनं पहिल्यांदा कुणापुढं उच्चारलं होतं. आता काहीतरी होईल असं तिला वाटलं. इन्शाची नजर कीबोर्डवर होती.

"पिनकोड?"

योगिनीनं पिनकोड सांगितला. तिला आणखी सांगायचं होतं. गाडीचं, मास्कचं, लाल बदामांचं. पण बाहेर बाकावर तीन माणसं फायली घेऊन बसली होती.

इन्शानं तिच्या बँकेचं पासबुक चाळलं आणि मार्चच्या एका नोंदीवर पेन टेकवलं. "हे पंचवीस हजार हर्षल कापडणीस यांच्याकडून. मिस्टर ना? दर महिन्याला येतात?"

"हो."

"कशाचे?"

"म्हणजे?"

"तुम्ही त्यांच्या चॅनलवर काम करता, त्याचा मोबदला असेल तर ते तुमचं उत्पन्न. नवऱ्यानं घरखर्चाला दिलेले असतील तर नाही. पोटगी असेल तर ते आणखी वेगळं. या वर्षाच्या हिशोबात एकच महिना येतोय, पण पुढच्या वर्षी बाराच्या बारा येतील. तेव्हा मला नक्की काय ते लागेल. त्यांना विचारून ठेवा."

योगिनीनं मान हलवली. जिना उतरून ती खणलेल्या रस्त्याच्या कडेनं बरंच अंतर चालत गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की मास्क इन्शाच्या टेबलावरच राहिलाय.

*

दुसरं खातं तिला दोन दिवसांनी आठवलं. लग्नानंतर आहेराचे पैसे ठेवायला पंचवटीतल्या एका सहकारी बँकेत दोघांच्या नावानं ते उघडलं होतं. आहेर तिच्या माहेरचा जास्त, म्हणून तिचं नाव आधी. मोबाइल नंबर मात्र हर्षलचा दिलेला. ती शाखेत गेली, ओळखपत्र दाखवलं आणि गेल्या आर्थिक वर्षाचं स्टेटमेंट मागितलं. काउंटरवरच्या बाईंनी छापून दिलं, शिक्का मारला आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, एक सेल्फी?"

योगिनी सेल्फीसाठी हसली. मग बँकेच्या पायऱ्यांवर बसून तिनं कागद पाहिले.

तिन्ही रकमा आलेल्या होत्या. जूनमध्ये मसाल्याची, ऑक्टोबरमध्ये साड्यांची, जानेवारीत गाद्यांची. आणि फेब्रुवारीच्या अकरा तारखेला सहा लाख रुपये एका मोटारींच्या शोरूमला गेले होते. बाकीचे थोडे थोडे करून हर्षलच्या खात्यात. शिल्लक तेराशे बारा रुपये.

तिनं ती ओळ पुन्हा पाहिली. तिच्या वाढदिवसाची गाडी तिच्याच पैशानं आली होती. गाडी होती हर्षलच्या नावावर. राग यायला हवा होता, पण आधी तिला हे कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. मोबाइल काढून तिनं नावांची यादी वर-खाली केली. कॉलेजच्या मैत्रिणी होत्या, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. हर्षलच्या बहिणी होत्या. विंचूरला वडील होते, आण्णा. ते बाजार समितीत मापारी होते, कांद्याच्या गोण्या वजन करायचे. आई गेल्यापासून एकटेच. रोज दुपारी भाकरी खाताना ते लेकीचा नवा व्हिडिओ लावायचे आणि शेजारच्या हमालांनाही दाखवायचे. "माझी योगी लय सुखात हाय," असं ते म्हणतात, हे तिला गावातल्या दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं.

तिनं मोबाइल पर्समध्ये ठेवला.

*

पुढच्या रविवारी नेहमीसारखं शूटिंग होतं. नवरा कोथिंबिरीऐवजी शेपू आणतो, असा पहिला व्हिडिओ होता. तो दोनदा घेतला. तिसऱ्यांदा घ्यायच्या आधी हर्षल स्टुलावर चढून दिवा सरळ करत होता, तेव्हा योगिनी म्हणाली,

"गाडीचं डाउन पेमेंट कुठून केलंस?"

त्याचा हात थांबला. "का गं?"

"स्टेटमेंट काढलं मी पंचवटीतून. मसाला, साड्या, गाद्या. सगळे करार माझ्या नावावर होते हर्षल. ते पैसे माझे होते."

"आपले होते." तो खाली उतरला. "एका ओळखीच्यानं सांगितलं, सगळं तुमच्या एकट्याच्या नावावर आलं तर टॅक्स जास्त बसेल, थोडं मिसेसच्या नावावर घ्या. म्हणून घेतलं. मी काय चोरी केली का?"

"मग आण्णांच्या डोळ्याला मागितले, तेव्हा महिना कसा टाइट होता?"

हर्षल डायनिंगच्या खुर्चीवर बसला. "गाडीचं बुकिंग झालं होतं. तुला सांगितलं असतं तर सरप्राइज राहिलं नसतं. व्हिडिओ झाल्यावर देणारच होतो मी."

तो खोटं बोलत नव्हता. हे तिला स्पष्ट दिसत होतं, आणि तेच जास्त लागलं. त्याच्या मनात खरोखरच आधी व्हिडिओ आणि मग डोळा, असा क्रम होता. त्यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं.

"आणि एक विचारायचंय. दर महिन्याला पंचवीस हजार टाकतोस, ते कशाचे?"

"कशाचे म्हणजे? तुझे."

"सीए मॅडमनी विचारलंय. पगार आहे, घरखर्च आहे का पोटगी? त्यांना लिहावं लागतं."

हर्षलनं टेबलावरची शेपूची जुडी उचलली, तिचा दोरा सोडला, परत बांधला. फ्लॅटमध्ये किती कमी सामान दिसतंय, हे योगिनीच्या तेव्हा लक्षात आलं. कॅमेऱ्यात येणारा कोपरा तेवढा जागच्या जागी होता. पलीकडं सोफ्यावर चादर आणि उशी, जमिनीवर हॉटेलच्या पार्सलचे डबे.

"मला वाटायचं, तू येशील परत," तो म्हणाला. "तोवर तुला काही कमी पडू नये. याला फॉर्मात काय म्हणतात, मला माहीत नाही."

इतक्या महिन्यांत तो तिच्याशी असा बोलला नव्हता. योगिनीला वाटलं, जावं, शेजारी बसावं. तिनं एक पाऊल टाकलंही. आणि त्याच वेळी तिची नजर आपोआप स्टँडवरच्या मोबाइलकडं गेली.

मोबाइल बंद होता.

पण आपण ते बघितलं, हे तिला कळलं. हर्षललाही कळलं. त्यानं तिची नजर कुठं गेली ते पाहिलं होतं. तो जुडी टेबलावर ठेवून उठला आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

त्या दिवशी राहिलेले सगळे व्हिडिओ त्यांनी केले. करार होते.

*

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघं मिळून इन्शाकडं गेले. खर्चाच्या पावत्या हर्षलकडं होत्या, आणि त्यानं त्या नीट एका फायलीत लावून आणल्या होत्या. दिवे, माइक, जाहिरातींसाठी घेतलेल्या साड्या, एडिटिंगचे पैसे. इन्शानं एकेक पावती पाहिली, काही बाजूला काढल्या. "ही चांदीची जोडवी खर्चात नाही येणार," ती म्हणाली आणि ती पावती योगिनीच्या पुढ्यात सरकवली. हर्षलनं लग्नाच्या वाढदिवसाला ती घेतली होती.

खर्च दीड लाख निघाला. उरलेल्यावर कर बसला तीस हजार एकशे साठ. कापलेले होते चौऱ्याण्णव हजार.

"म्हणजे तुम्हाला भरायचं काहीच नाही," इन्शा म्हणाली. "उलट त्रेसष्ट हजार आठशे चाळीस परत मिळतील. फक्त ते कुठल्या खात्यात घ्यायचे, ते सांगा."

"माझ्या एकटीच्या," योगिनी म्हणाली.

मग इन्शानं चॅनलचं विचारलं. पुढंही दोघं काम करणार असाल तर असं विस्कळीत ठेवू नका, ती म्हणाली. भागीदारी फर्म करा, फर्मचा वेगळा पॅन, वेगळं खातं. कुणाचा किती हिस्सा ते कागदावर. भागीदार नवरा-बायकोच असले पाहिजेत असं काही नाही, ते कुणीही असू शकतात.

"फिफ्टी-फिफ्टी," हर्षल लगेच म्हणाला. "चालेल मला. उद्या करून टाकू." तो योगिनीकडं वळला. "तू म्हणशील तसं. साठ-चाळीस कर हवं तर."

त्यात लबाडी नव्हती. योगिनीनं क्षणभर खरंच विचार केला. कागदावर तिचं नाव असतं. हिशोब असता. पंचवीस हजार कशाचे, हा प्रश्नही सुटला असता. आणि दर दुसऱ्या रविवारी ती 'अहो' म्हणत राहिली असती, आणखी पाच वर्षं, दहा वर्षं.

"नको," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंतचं काम करून देते. त्याचे पैसे मला पगार म्हणून दे, तसं लिहून दे. नंतर मी नाही."

"आणि आपलं?" हर्षलनं विचारलं.

इन्शा उठली आणि पाणी आणते म्हणून बाहेर गेली. पाणी टेबलावरच होतं.

"आपलंही तसंच," योगिनी म्हणाली.

तो रडला नाही. त्यानं पावत्यांची फाइल उचलली, तिचे कोपरे जुळवले, आणि म्हणाला, "गाडी विकतो मी. मला एकट्याला काय करायचीय." ती नको म्हणाली नाही.

विवरणपत्र अकरा सप्टेंबरला भरलं गेलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतावा आला. त्याच आठवड्यात गाडी विकून, कर्ज फेडून उरलेले चार लाख दहा हजार हर्षलकडून आले. शेऱ्यात त्यानं एकच शब्द लिहिला होता, 'तुझे'. तिनं फोन केला. त्यानं उचलला नाही.

गंगापूर रोडला लग्नांचे व्हिडिओ करणारा एक स्टुडिओ होता. तिथं तिला एडिटिंगचं काम मिळालं. लोकांच्या वराती, लोकांच्या रडणाऱ्या आयांची तोंडं, दिवसाचे आठ तास. पहिलं बिल कसं लिहायचं ते इन्शानं फोनवर सांगितलं. "दर तीन महिन्यांनी थोडा कर आधीच भरत चला," ती म्हणाली, "म्हणजे शेवटी अंगावर येणार नाही." त्या कॉलवर योगिनीनं विनाकारण दोन-तीन प्रश्न जास्त विचारले. इन्शानं त्यांचीही उत्तरं दिली.

*

शेवटचे व्हिडिओ पडायच्या आधी आण्णांना सांगायला हवं होतं. दिवाळीच्या आदल्या रविवारी ती एसटीनं विंचूरला गेली. लिलाव बंद होता, आण्णा घरीच होते. त्यांनी चहा टाकला. योगिनीनं तो पिऊन होईपर्यंत वाट पाहिली आणि मग सांगितलं. मार्चपासून. वेगळी खोली. रविवारचं काम. आता तेही बंद.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी कप खाली ठेवला नव्हता.

"मारत-बिरत व्हता का त्यो?"

"नाही आण्णा."

"दुसरी कोन?"

"नाही."

"मंग?"

योगिनीला एका वाक्यात सांगता येईना. ती म्हणाली, "बोलणं राहिलं नव्हतं. व्हिडिओत बोलायचो, तेवढंच."

आण्णांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी तर रोज बघत व्हतो तुला. आठ म्हैने. त्या हमालांना बी दाखवत व्हतो. तू हासायची."

"ते काम होतं."

"समदंच?"

"समदं नाही. पहिली वर्षं खरं होतं."

आण्णांनी खिशातून मोबाइल काढला, चॅनल उघडला आणि तिच्या हातात दिला. नव्या डोळ्याला त्यांनी अजून काळा चष्मा ठेवला होता, तो काढून ते तिच्याजवळ सरकून बसले. "दाव मला. कुठवर खरं हाय आन् कुठून न्हाई."

योगिनीनं बोट फिरवायला सुरुवात केली. चित्रं खाली खाली सरकत गेली. शेपूची जुडी, आमरसाचा बेत, गाडी. गाडीपाशी आण्णा म्हणाले, "हितून?" तिनं नकारार्थी मान हलवली. अजून खाली. गणपतीची आरास. नवऱ्याचा मोबाइल हरवतो. बायको दोन दिवस माहेरी. तिलाही नक्की माहीत नव्हतं. प्रत्येक चित्रात दोघं हसत होती आणि हसणं सारखंच दिसत होतं. शेवटी दोन वर्षांपूर्वीच्या एका व्हिडिओवर तिचं बोट थांबलं. नवरा वरणात मीठ विसरतो, असला काहीतरी होता.

"हा."

"ह्याच्यात काय झालं?"

"व्हिडिओत काही नाही. तो संपल्यावर आम्ही जेवायला बसलो आणि कुणीच काही बोललं नाही. त्याच्या आधी बोलायचो."

आण्णांनी त्या चित्राकडं निरखून पाहिलं. मग मोबाइल घेतला आणि बंद केला.

"माझ्याकडं यायचं व्हतं," ते म्हणाले. "खोली कशाला घ्यायची. मी हाय ना हितं एकलाच."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"ते आता बी वाटलंच ना."

नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. दुपारी कांदा काय भावानं गेला ते सांगत राहिले, आणि ती ऐकत राहिली. निघताना ते थांब्यापर्यंत सोबत आले. हमालांपैकी एक जण तिथं भेटला. "योगीताई आल्या का! पावनं न्हाई आले?" त्यानं विचारलं. योगिनी उत्तर द्यायला गेली, पण त्याआधी आण्णाच म्हणाले, "न्हाई. आता न्हाई यायचे ते." आणि हमालाच्या तोंडाकडं न बघता ते एसटीची पाटी वाचायला लागले.

बस आली. "पोचली की फोन कर," आण्णा म्हणाले.

निफाड, ओझर करत ती संध्याकाळी नाशकात पोचली. खोलीत येऊन दिवा लावला आणि फोन केला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

"पोचले आण्णा."

"बरं."

पुढं काय बोलावं, ते दोघांनाही सुचेना. इतकी वर्षं बोलावं लागलंच नव्हतं. ती कशी आहे, काय रांधते, काय नेसते, सगळं त्यांना दुपारच्या भाकरीबरोबर दिसत होतं. कुणी फोन ठेवला नाही. पलीकडून भांड्याचा आवाज आला.

"जेवायला काय करते?" आण्णांनी विचारलं.

"अजून काही ठरवलं नाही."

"मुगाची डाळ टाक. मी बी तीच टाकलीय." थोडं थांबून ते म्हणाले, "फोन राहू दे चालू. डाळ शिजंस्तोवर."

योगिनीनं मोबाइल ओट्यावर उभा करून ठेवला आणि डबा उघडून मूठभर डाळ काढली.